शेकडा किती, आणि कशाचा?

बेळगावच्या दक्षिण अंगाला शहापूर, वडगाव आणि खासबाग हा विणकरांचा पट्टा आहे. इथल्या यंत्रमागावर काम करणारा माणूस पाळीभर उभा असतो. मागांमधल्या अरुंद वाटेत येरझाऱ्या घालायच्या, धोट्यातली कांडी संपली की झटकन बदलायची, ताण्याचा धागा तुटला की वाकून सांधायचा, आणि हे करताना शेजारच्या मागाच्या आवाजाकडे कान ठेवायचा. मजुरी साडीमागे किंवा मीटरमागे मिळते. माग थांबला की मजुरी थांबली. पगारपत्रक बहुतेकांकडे नसते. अशा माणसाचा पाय पुणे–बंगळूर महामार्गावर एखाद्या ट्रकखाली सापडला, की महिनोन्महिने दवाखाना होतो आणि मग क्लेमची केस उभी राहते. बेळगावच्या न्यायालयात तिला एम.व्ही.सी. क्रमांक पडतो, काही वर्षांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा निवाडा हाती येतो आणि घरात प्रश्न निघतो : अपील करायचे का? बहुतेक जण रकमेकडे बघून उत्तर देतात. रक्कम कमी वाटली तर अपील, बरी वाटली तर गप्प. माझ्या मते उत्तर रकमेत शोधायचेच नाही. न्यायाधिकरणाने कोणता प्रश्न सोडवला, हे पाहायचे. शरीर किती मोडले हा एक प्रश्न आहे आणि या माणसाचे काम किती गेले हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या जागी लिहिले गेले असेल तर रक्कम कितीही मोठी दिसो, अपिलाला आधार आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुराव्यावरून नीट काढलेले असेल तर मात्र रक्कम मनासारखी नाही एवढ्याने उच्च न्यायालय हात घालणार नाही, आणि घालूही नये.

यासाठी निवाड्यातले गणित उघडून बघावे लागते. जखमींच्या निवाड्यात वेदना व यातना, दवाखान्याचा खर्च, उपचारकाळातली बुडालेली मजुरी, आहार-प्रवास-शुश्रूषा, जगण्यातल्या सुखाला मुकणे अशी अनेक कलमे असतात. पण कायमचे अपंगत्व आलेल्या कष्टकऱ्याच्या बाबतीत सगळ्यात जड कलम भावी उत्पन्नाच्या नुकसानीचे असते आणि ते चार आकड्यांच्या गुणाकारातून निघते : मासिक उत्पन्न, बारा महिने, वयानुसार ठरलेला गुणक आणि अपंगत्वाचा शेकडा. गुणकाचा तक्ता सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा खटल्यात पक्का केला. ३१ ते ३५ वयासाठी १६, ३६ ते ४० साठी १५, आणि वय वाढेल तसा तो उतरत जातो. त्यामुळे त्यावर फारसा वाद उरत नाही. वाद उरतो तो उत्पन्नावर आणि शेकड्यावर. समजा माग कामगार ३४ वर्षांचा आहे. न्यायाधिकरणाने त्याचे उत्पन्न महिना ९,००० रुपये धरले आणि अपंगत्व १२ टक्के धरले, तर या कलमाखाली २,०७,३६० रुपये निघतात. उत्पन्न १२,००० धरून अपंगत्व ३० टक्के धरले तर तीच रक्कम ६,९१,२०० होते. तोच माणूस, तोच पाय, तीच क्ष-किरण तसबीर. फरक सव्वातीनपटीहून थोडा अधिक. निवाड्याच्या कागदावर हे दोन आकडे एखाद-दोन वाक्यांत ठरलेले असतात. त्या वाक्यांपुढे कारण लिहिलेले आहे की नाही, हे अपील करू पाहणाऱ्याने सर्वांत आधी तपासायचे.

बारा टक्के कुठून येतात? डॉक्टर दाखला देतात तो बहुधा अवयवाचा असतो : डाव्या पायाला ३६ टक्के अपंगत्व. पाय म्हणजे सगळे शरीर नव्हे, म्हणून अवयवाच्या टक्केवारीचा तिसरा हिस्सा संपूर्ण शरीराचे अपंगत्व धरण्याची रीत कर्नाटकातल्या निवाड्यांत सर्रास दिसते. छत्तीसचे बारा झाले, आणि तेच बारा पुढे कमाईचे नुकसान म्हणून गुणाकारात घातले. इथे दोन पायऱ्या एकात मिसळल्या. अवयवावरून शरीराकडे जाणे ही वैद्यकीय पायरी आहे. शरीरावरून कामाकडे जाणे ही पुराव्याची आणि विचाराची पायरी आहे. तिसऱ्या हिश्श्याचा नियम पहिली पायरी चढायला कदाचित उपयोगी पडेल, दुसरीसाठी तो निरुपयोगी आहे. घोटा वळत नाही, गुडघा पूर्ण दुमडत नाही, तासभर उभे राहिले की सूज येते, अशा अवस्थेत बँकेतला कारकून काम करू शकतो. मागावरचा माणूस दोन मागांवरून एकावर येतो, किंवा माग सोडून कांड्या भरायला बसतो आणि पूर्वीच्या मजुरीच्या थोड्याशा भागावर समाधान मानतो. दोघांचाही दाखला छत्तीसचाच.

हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २०१० रोजी राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात इतका स्पष्ट मांडला आहे की त्यानंतर गोंधळाला जागा राहायला नको होती. डावा हात तुटलेल्या माणसाचे उदाहरण न्यायालयाने घेतले. शारीरिक अपंगत्व साठ टक्क्यांच्या आसपास धरले, तरी तो माणूस चालक किंवा सुतार असेल तर कमाईचे नुकसान जवळजवळ शंभर टक्के होईल. सरकारी कार्यालयात कारकून असेल आणि नोकरी टिकली असेल तर त्या कलमाखाली काहीच नुकसान नसेल. म्हणून न्यायाधिकरणाने आधी पाहायचे की जखमी आता कोणत्या हालचाली करू शकतो आणि कोणत्या नाही. मग पाहायचे की अपघातापूर्वी त्याचा धंदा काय होता, त्याचे स्वरूप काय, त्याचे वय काय. आणि शेवटी ठरवायचे की तो काहीच कमावू शकणार नाही, जुनेच काम कमी प्रमाणात करू शकेल, की दुसऱ्या हलक्या कामावर त्याला भागवावे लागेल. जखमीच्या दाव्यात तो हयात असल्यामुळे मृत्यूच्या दाव्यांप्रमाणे स्वतःच्या खर्चापोटी तिसरा हिस्सा वजा करायचा नाही, हेही तिथेच सांगितले आहे. खासबागेतल्या विणकराच्या निवाड्यात या पायऱ्यांपैकी एकही नसेल आणि फक्त भागाकार असेल, तर अपिलाच्या मेमोत लिहायचे पहिले कारण तेच.

हे तत्त्व फक्त जखमीच्या बाजूने वाहते असे मात्र कोणी समजू नये. खुद्द राजकुमारच्या दाखल्यात ४५ टक्के होते. दाखला देणाऱ्या डॉक्टरची साक्ष झालेली नव्हती. न्यायालयाने शरीराचे अपंगत्व २५ टक्के आणि कमाईचे नुकसान २० टक्के धरले. म्हणजे ज्या निकालाचा आधार घेऊन देशभर जखमी माणसे वाढीव रक्कम मागतात, त्याच निकालात जखमीचा आकडा दाखल्यापेक्षा खाली आला. मला हे तत्त्वाच्या सच्चेपणाचे लक्षण वाटते. दाखल्यावरचा आकडा आपला हक्क आहे, असे धरून चालणाऱ्या वकिलाने आणि तिसरा हिस्सा हा कायदा आहे, असे धरून चालणाऱ्या विमा कंपनीने सारखीच चूक केलेली असते. दोघेही कामाकडे बघत नाहीत.

उत्पन्नाच्या आकड्याचे दुखणे वेगळे आहे. कागद नाही म्हणून उत्पन्न नाही, असा उलट अर्थ काढण्याची सवय खालच्या न्यायालयांत जुनी आहे, आणि तिला उत्तर देणारे दोन महत्त्वाचे निकाल कर्नाटकातल्याच कष्टकऱ्यांच्या अपिलांवर आले. रामचंद्राप्पा यांच्या २०११ च्या निकालात हमाली-मजुरी करणाऱ्या माणसाने महिना ४,५०० रुपये कमाई सांगितली होती. न्यायाधिकरणाने ती ३,००० वर आणली. सर्वोच्च न्यायालयाने विचारले की मजुराकडे कागद कुठून असणार. २००४ मधली रोजंदारी पाहता त्याचा आकडा अवाजवी नाही. आणि ४,५०० मान्य केले. सय्यद सादिक यांच्या २०१४ च्या निकालात पाय गमावलेला भाजीविक्रेता होता. भाजी एका जागी बसून विकता येते, त्याला चालण्याफिरण्याची काय गरज, अशा धर्तीचा विचार उच्च न्यायालयाने केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला, भाजीवाल्याकडे उत्पन्नाचा पुरावा मागणे गैर ठरवले, महिना ६,५०० रुपये उत्पन्न आणि ८५ टक्के अपंगत्व धरले. खासबागच्या रविवारच्या बाजारात ज्याने पहाटे माल उतरवणारा विक्रेता पाहिला आहे, त्याला हे पटवून द्यावे लागणार नाही. विकणे हा त्या धंद्याचा शेवटचा भाग असतो. त्याआधी ठोक बाजार गाठणे, गोण्या उचलणे, गाडी भरणे असते.

पुराव्याअभावी कर्नाटकात राज्य विधी सेवा प्राधिकरणाने लोकअदालतीसाठी केलेला, वर्षागणिक वाढत जाणारा काल्पनिक उत्पन्नाचा तक्ता वापरला जातो आणि उच्च न्यायालयही अपिलात तो आधाराला घेते. अपघाताच्या वर्षी त्या तक्त्यात जो आकडा आहे त्यापेक्षा निवाड्यात कमी धरला असेल, तर वाढीची शक्यता चांगली असते. पण तक्ता हा तळ आहे, छत नाही. कसबी विणकराची कमाई तक्त्यापेक्षा जास्त असू शकते. ती दाखवायला मालकाची साक्ष, मजुरीची वही, सूत देवघेवीच्या नोंदी, बँकेतली जमा चालते. निपाणीच्या विडी कामगार बायकांचे या बाबतीत थोडे बरे आहे. कल्याण निधीच्या कायद्यामुळे अनेकींकडे ओळखपत्र असते, हजारी विड्यांच्या मजुरीच्या नोंदी असतात. अशा एखादीच्या उजव्या अंगठ्याची आणि तर्जनीची हालचाल अर्धी झाली तर शरीराच्या हिशेबात ते मोजकेच टक्के भरेल. विडी वळण्याच्या हिशेबात किती भरेल, हे अपघातापूर्वीच्या आणि नंतरच्या नोंदी शेजारी ठेवल्या की दिसते. असा पुरावा असताना तो न्यायाधिकरणापुढे न ठेवणे मला अक्षम्य वाटते.

उत्पन्नात भावी वाढ धरायची का, हा तिसरा मुद्दा. प्रणय सेठी खटल्यात ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी घटनापीठाने स्वयंरोजगारी आणि ठरीव पगाराच्या माणसासाठी चाळिशीच्या आत ४० टक्के, ४० ते ५० वयात २५ टक्के आणि ५० ते ६० मध्ये १० टक्के वाढ ठरवली. तो खटला मृत्यूचा होता, म्हणून जखमींना ती वाढ लागू नाही असा युक्तिवाद चालला. २०२० मध्ये पप्पू देव यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. वर घेतलेल्या उदाहरणात १२,००० वर ४० टक्के वाढ धरली तर ३० टक्के अपंगत्वाची रक्कम ९,६७,६८० होते. हलक्या अपंगत्वाला ही वाढ नको, असे विमा कंपन्यांचे वकील आजही म्हणतात. ज्याची कमाई कायमची घटली त्याची उद्याची वाढही त्याच प्रमाणात घटली, इतके साधे हे आहे; अपंगत्व कमी असेल तर शेकडा कमी असेलच, त्यासाठी वाढही कापण्याचे कारण मला दिसत नाही.

आता अपिलाच्या सर्वांत गैरसमज झालेल्या भागाकडे येऊ. धारवाडला, उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे, गेल्यावर आपली परिस्थिती न्यायाधीशांना सांगता येईल, लंगडत चाललेले त्यांना दिसेल, अशी आशा घेऊन लोक अपील करतात. उच्च न्यायालय माणूस पाहत नाही, कागद पाहते. खालच्या न्यायालयातले दप्तर मागवले जाते आणि त्यात जे नोंदलेले आहे त्यावरच निर्णय होतो. नवा पुरावा अपिलात आणायला दिवाणी प्रक्रिया संहितेत वाट आहे, पण ती अरुंद आहे. म्हणून अपिलाचे भवितव्य बेळगावातल्या साक्षीच्या दिवशीच बरेचसे ठरून जाते. डॉक्टरला विचारले गेले का, की या घोट्याने सलग चार तास उभे राहता येईल का? वाकून धागा सांधता येईल का? की नुसता दाखला दाखल करून टक्केवारी वाचली? जखमीचा उलटतपास कसा नोंदला गेला? ‘आता काम करता की नाही?’ या प्रश्नाला सीमाभागातला माणूस ‘करतो की, पोटासाठी करायलाच पायजे’ असे म्हणेल. दप्तरात मात्र तेवढेच उतरेल की साक्षीदार सध्या काम करतो हे खरे आहे. मराठीतली साक्ष कानडी किंवा इंग्रजीत उतरताना त्या उत्तराचा दुसरा भाग गळाला, तर पाच वर्षांनी धारवाडचे न्यायमूर्ती तेच एक वाक्य वाचणार. काय काम करतो, किती तास, किती मजुरीवर, हे वकिलाने तिथेच फेरतपासणीत नोंदवून घ्यायला हवे.

‘तो काम करतो आहे’ हाच या सगळ्या विचारसरणीवरचा सर्वांत जोरदार आक्षेप आहे. कमाई चालू असेल तर नुकसान कसले? आक्षेप फेटाळण्यासारखा नाही. सरकारी नोकराला तो लागू पडतो, आणि राजकुमारच्या निकालाने तो मान्यही केला आहे. पण रोजंदारीच्या जगात काम करणे आणि पूर्वीइतके कमावणे या भिन्न गोष्टी आहेत. साडीमागे मजुरी घेणारा माणूस अर्ध्या साड्या विणूनही ‘कामावर’ असतो. शिवाय भावी कमाईचे नुकसान पुढच्या सोळा वर्षांच्या मापाने मोजायचे आहे. अपघातानंतर दोन वर्षांनी दुखणे सोसून तो उभा राहतो, यावरून चाळिशीनंतर राहील असे म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की ‘कामाचे नुकसान’ म्हणजे अखेर अंदाज, आणि अंदाजापेक्षा ठरीव तक्ता बरा. निदान दोन शेजाऱ्यांना वेगवेगळी रक्कम मिळणार नाही. समानतेची ही ओढ रास्त आहे. गुणकाच्या आणि उत्पन्नाच्या तक्त्यांचे समर्थन तिच्यावरच उभे आहे, आणि मी त्यांच्या विरोधात नाही. परंतु मोटार वाहन कायद्याच्या कलम १६८ ने न्यायाधिकरणाला ‘न्याय्य’ भरपाई ठरवायला सांगितले आहे. याच शब्दाच्या बळावर २००२ मध्ये नागप्पा यांच्या, पुन्हा कर्नाटकातल्याच, खटल्यात मागणीपेक्षा अधिक रक्कमही देता येते असे ठरले. विणकर आणि कारकून यांना एकच शेकडा लावला तर आकडे समान होतात, नुकसान समान होत नाही. तिसरा आक्षेप विम्याच्या हप्त्याचा : भरपाया फुगल्या की हप्ते वाढतात, आणि खोट्या दाव्यांनी हा धंदा आधीच पोखरला आहे. खोटे दावे आहेत, हे सर्वोच्च न्यायालयानेही गंभीरपणे घेतले आहे. पण ते अपघात घडला का, वाहन कोणते होते, या टप्प्यावर पकडायचे असतात. खऱ्या जखमीचा शेकडा कापून खोटा दावेदार सापडत नाही. आणि तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा केला तो नेमका हा भार एका विणकराच्या घरावर न पडता सगळ्या वाहनधारकांत वाटला जावा म्हणून.

निवाड्यानंतर नव्वद दिवसांत अपील दाखल करायचे, असे कलम १७३ सांगते. उशीर माफ होऊ शकतो, पण माफी देताना त्या काळाचे व्याज उच्च न्यायालय बहुधा नाकारते, म्हणजे दिरंगाईची किंमत जखमीच मोजतो. पैसे भरण्याची जबाबदारी ज्याच्यावर आली त्याने अपील केले तर त्याला २५,००० रुपये किंवा निम्मी रक्कम, यांतली कमी असेल ती भरावी लागते. जखमीला ती अट नाही. वादातली रक्कम ठरावीक मर्यादेच्या खाली असेल तर अपीलच नाही. ही मर्यादा २०१९ च्या दुरुस्तीने दहा हजारांवरून एक लाखावर नेली, आणि मला ती खटकते. एखाद्या विडीवाल्या बाईच्या बोटांच्या केसमध्ये ऐंशी-नव्वद हजारांचा फरक हा तिच्या वर्षाच्या मजुरीशी स्पर्धा करणारा असू शकतो. आणखी एक सावधगिरी : विमा कंपनीने अपील केले म्हणून आपणही आपोआप वर पोचलो, असे मानू नये. रंजना प्रकाश यांच्या २०११ च्या निकालानुसार कंपनीच्या अपिलात जखमी आपल्या पदरातली रक्कम वेगळ्या कारणांनी राखू शकतो, वाढवून घेऊ शकत नाही. पुढच्या काही निकालांनी हे बंधन सैल केले असले तरी त्यावर विसंबून राहण्यापेक्षा आपले स्वतंत्र अपील घालणे शहाणपणाचे.

सीमाभागाला यात एक निवड मिळते, ती फारसे कोणी जाणीवपूर्वक करत नाही. दावा अपघाताच्या ठिकाणी, स्वतः राहतो तिथे किंवा प्रतिवादी राहतो तिथे दाखल करता येतो. कागलजवळ अपघात झालेला निपाणीचा माणूस कोल्हापूरला जाऊ शकतो किंवा आपल्या बेळगाव जिल्ह्यातच राहू शकतो. अपील मात्र ज्या राज्याच्या न्यायाधिकरणाने निवाडा दिला तिथल्या उच्च न्यायालयात जाते. बेळगावचा निवाडा धारवाडला जातो. तिथे २००८ मध्ये फिरते खंडपीठ आले आणि २०१३ मध्ये ते कायम झाले. कोल्हापूरचा निवाडा पूर्वी थेट मुंबईला जायचा, १८ ऑगस्ट २०२५ पासून तो कोल्हापूरच्याच सर्किट बेंचपुढे जातो. निपाणीकराला कोल्हापूर धारवाडपेक्षा कितीतरी जवळ, आणि तिकडे पोलिसांचा पंचनामा, साक्ष हे मराठीत चालते. खासबागकराला धारवाड दोन तासांवर आहे. त्याला कोल्हापूरची ओढ तितकी नाही.

धारवाडला प्रलंबित असलेली अनेक अपिले लोकअदालतीत मिटतात, आणि वर्षानुवर्षे थांबण्यापेक्षा आज हाती येणारी रक्कम मोलाची, हे उधारीवर घर चालवणाऱ्याला सांगावे लागत नाही. तडजोड वाईट नाही. पण तिथे कंपनीकडून येतो तो एकरकमी आकडा, ‘दीड लाख वाढवून देतो’ असा. तो स्वीकारण्याआधी वकिलाकडून त्याची फोड करून घ्यावी : उत्पन्न किती धरले, शेकडा किती धरला, भावी वाढ धरली का. कारण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे लोकअदालतीच्या निवाड्यावर पुढे अपील चालत नाही.